माशीखाऊला मावा

माशी गिळणाऱ्या झाडाला
मावा लागला.
आधी हसूच आलं,
पोलीस चौकीत चोरी झाल्यासारखं.
मग चष्मा लावून पाहिलं
तर कोवळे जबडे वाकडेतिकडे,
आणि त्यांच्या बेचक्यात
हिरव्या ठिपक्यांचं अख्खं बिऱ्हाड.
तिळाएवढा किडा जबड्याला कळतच नाही.
आतल्या केसांना लागोपाठ दोनदा धक्का लागला
तरच तो मिटतो.

ओस्ट्रावात, सातव्या मजल्यावर,
बातमी जिन्यानं चढते.
खालचे यारोमीर तंबाखूचा काढा घेऊन आले.
म्हणाले, नैसर्गिकच आहे, पानांचाच.
मी म्हटलं, धोतऱ्याचं बीसुद्धा झाडाचंच असतं.
एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात
मी मिलिग्रॅम मोजलेत.
बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलं असलं
की मी बाटली उलटी करून
मागची बारीक अक्षरं वाचते.

ओटिलियानं भांड्यांचा साबण सुचवला.
चालेल, कोबीला.
हे झाड दलदलीतलं, उपाशी मातीतलं,
नळाच्या पाण्यातले क्षारसुद्धा
याला हळूहळू मारतात.
फडताळात कडुनिंबाचं तेल होतं,
पण शेजारी दवबिंदूचं रोप.
केसाकेसावरचे त्याचे थेंब
तेलानं विझले तर ते जेवणार कशानं?

मग मी शहाणपणा केला.
ट्रामच्या रुळांकडेच्या गवतातून
काडेपेटीत चार लाल ढालकिडे आणले.
मावा खातात म्हणे, आवडीनं.
सकाळी तीन खिडकीबाहेर,
चौथा दवबिंदूला चिकटलेला,
पाय हलवत.
ओल्या काडीनं सोडवला.
एक पाय तिथेच राहिला.

शेवटी पाणी.
गॅलरीतल्या पिंपातलं, पावसाचं.
लोणच्याच्या मोठ्या बरणीत
कुंडीसकट झाड बुडवलं,
वर बशी उपडी, तरंगू नये म्हणून.
दोन दिवस.
घरात कुणी आजारी असावं
तशी मी चपला न वाजवता वावरले.
रात्री उठून टॉर्च मारला:
एका जबड्यानं
हवेचा बुडबुडा धरून ठेवला होता.
पोट भरणार नव्हतं,
पण सोडतही नव्हता.

तिसऱ्या सकाळी मावा वर,
तांदळाच्या कण्यांसारखा.
चहाच्या गाळणीनं गाळला.
झाड काढलं, निथळलं, उजेडात ठेवलं.
यारोमीर दारातून म्हणाले,
नुसतं पाणी?
नुसतं पाणी, मी म्हटलं,
पण कुठलं, आणि किती वेळ.
ते काढ्याची बाटली परत घेऊन गेले,
जराशा नाराजीनं.

आज आठवा दिवस.
बेचक्यात एक हिरवा ठिपका आहे,
बहुधा.
चष्मा पुसून पुन्हा बघते,
मग आभाळ बघते.
पिंप अर्धंच आहे.