मोड

सातपूरला कंपनीच्या गेटासमोर
एकवीस वर्षं उभी आहे माझी गाडी.
नुसता तर्रीचा रंग बघून लोक सांगतात, दौलतची मिसळ.
परवा लॅबमधल्या पोरीने कागद सरकवला पुढे,
उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याऐंशी.
म्हटलं, ताई, गोड तर मी खातच नाही.
ती म्हणाली, चहा किती?
मी मोजायला लागलो,
दोन्ही हातांची बोटं संपली.

सिव्हिलमध्ये टिळे मॅडम.
टेबलावर स्टीलचं रिकामं ताट.
मला वाटलं आता यादी येणार,
हे बंद, ते बंद, जगणं बंद.
त्यांनी बोट पाण्यात बुडवलं
आणि ताटाच्या मधोमध रेघ ओढली.
अर्धं भाजीचं. गवार, काकडी, मेथी,
बाजारात स्वस्त असेल ते.
उरलेल्यात निम्मी भाकरी, निम्मी डाळ नाहीतर उसळ.
तुमच्या ताटात कसं असतं, दौलतराव?

खरं ते सांगितलं.
भात बांध फोडून सगळीकडे,
भाजी लोणच्याच्या जागेवर.

मॅडम हसल्या नाहीत,
म्हणून मलाच हसू आलं.
रेघ वाळत आली होती.

द्राक्षं? मी विचारलं. नाशकात राहून
कोणीतरी विचारणारच.
खा मूठभर, सालीसकट. रस काढू नका,
ग्लासात किती घड गेले ते जिभेला कळत नाही.
मग त्यांनी विचारलं, मिसळीत तळाशी काय?
मटकी.
मोड आलेली?
असे, म्हटलं, आणि करंगळीचं पेर दाखवलं.
किती घालता?
डावभर.
आणि शेव?
मी उत्तर दिलं नाही.

बुधवारी गोदाकाठच्या बाजारात
पेठकडच्या सोमीबाई भोयेंकडून दोन किलो नागली घेतली.
भाव ऐकून थबकलो. तांदळापेक्षा महाग!
ती म्हणाली, आम्ही रोज हीच खायचो
तवा तुम्ही नाक मुरडायचा.
आता डाक्टर कागदावर लिहून देतो व्हय?
वर मूठभर जास्त टाकली.
बायकोची पहिली भाकरी तव्यावरच फाटली,
दुसरी निम्मी माझ्या ताटात आली,
निम्मी तिने स्वतः खाऊन बघितली,
गप्प राहिली. म्हणजे चांगली होती.

पहाटे चारला फडकं सोडतो.
रात्रभर ओल्या अंधारात बांधलेली मटकी
फुगून बसलेली असते,
एकेका दाण्याने शेपूट बाहेर काढलेलं.
एकवीस वर्षं रोज बघतोय मी हे,
बघितलं मात्र आत्ता.
हल्ली मटकीचे दोन डाव, शेव चिमटीने,
बाजूला कांदा, काकडी, हवं तेवढं लिंबू.
पावाला नाही म्हणत नाही,
फक्त दुसरा आपणहून ठेवत नाही.
तिसऱ्या शिफ्टचा निकम भडकला,
दौलतभाऊ, शेवेला रेशन लावलं काय?
तीन दिवस समोरच्या गाडीवर गेला.
चौथ्या दिवशी परत आला, पाचशेची नोट काढून,
मोड आहे का?
म्हटलं, पातेलंभर आहे, ये बस.

नवा कागद, एकशे एक्कावन्न.
मॅडम म्हणाल्या, उतरतेय. चहाचं काय?
चार, मी म्हटलं.
पाचवा अर्धाच असतो.
आणि तर्री, ती मी अजून रोज पहाटे
तळहातावर घेऊन चाखतो.
त्याशिवाय मीठ कसं कळणार?
एवढं मात्र त्यांना सांगितलेलं नाही.