गार खांदा

दर मंगळवारी सातला, डंगॅननच्या ग्रंथालयावरच्या खोलीत
ऊना बाई फळ्यावर एक माणूस काढतात.
डोकं गोल, हात काड्यांचे, पायांत मात्र नीट बूट.
मग त्याच्या अंगाला बाण लावत सुटतात
आणि प्रत्येक बाणापाशी एक वाक्य,
ज्याचा त्या अवयवाशी काडीचा संबंध नसतो.

‘गार खांदा दाखवणे,’ बाई म्हणाल्या.
मी हसले. मोठ्यानं. थांबवेना.
सकाळी सहापासून कारखान्यात माझ्या पट्ट्यावरून
आठशे चाळीस खांदे गेले होते, बैलांचे,
सगळे गार, चार अंशाचे,
आणि एकानंही मला टाळलं नव्हतं.

अर्थ कळल्यावर गप्प झाले.
म्हणजे कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाशी कुणी बसत नाही
त्याला नाव आहे तर.
मला वाटायचं, खांदा देतात तो शवपेटीला,
सहा जण मिळून, आणि तो घामेजलेला असतो.
वहीत लिहून घेतलं.
शेजारी डालियानं लिथुआनियनमध्ये लिहिलं.
तिची ओळ माझ्याहून लांब झाली.

पाय ओढणे म्हणजे थट्टा.
एक हात आणि एक पाय लागला, म्हणजे वस्तू महाग.
जीभ धरायची ती गप्प बसायला.
(आमच्या पट्ट्यावर जीभ धरतात मुळापाशी, डाव्या हातानं.
उजव्यात सुरी.)
झेफेरिनोनं ते हवेत करून दाखवलं.
बाईंनी मार्कर खाली ठेवला, पाणी प्यायल्या.

तोच झेफेरिनो नोव्हेंबरात
करवतीला दोन पेरं देऊन आला.
पुढच्या मंगळवारी वर्गात हजर,
बँडेज कोबीच्या गड्ड्याएवढं.
आणि त्या दिवशी नेमका हाताचा धडा.
बाईंनी कागद पटकन पालथे घातले,
म्हणाल्या, आज आपण हवामान घेऊ.
तो म्हणाला, नको. हातच शिकवा.
फॉर्म भरायचाय मला. त्यात विचारलंय,
‘तुमचा कामाचा हात कोणता?’
हेही काही भलतंच असेल, म्हणून थांबलोय.

नव्हतं.
सबंध वर्षात तेवढं एकच वाक्य
जसं दिसत होतं तसंच निघालं.

आमच्या भाषेत सगळं ‘आत’ असतं.
हृदय नव्हे, पोटही नव्हे, नुसतं लारान. आत.
ज्याचं आत रुंद, तो उदार.
ज्याचं आत दुखतं, त्याला कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं.
आई सुआईहून फोनवर अजून तेच विचारते,
आत कसं आहे? मी म्हणते, पगार झाला.
सहा वर्षं झाली, इतकी जनावरं
माझ्यासमोर उभी चिरून टांगलेली,
हे आत मला कुठे लागलं नाही.

गुरुवारी ट्रेव्हर एका नव्या पोराला घेऊन आला,
झेफेरिनोच्या जागी उभं केलं.
करवत धुतलेली होती. पोराचे बूटही नवे.
मला म्हणाला, ह्याला जरा हात दे.
विचारलं, झेफेरिनो परत येणार ना?
त्यानं खांदे उडवले. गार नव्हे, साधे,
माशी हाकलावी तसे.

वहीतलं सगळं मनात चाळलं.
डोकं, नाक, कोपर, टाच,
एकही वाक्य बसेना.
शेवटी माझंच, मोडकं, त्याच्या भाषेत म्हणाले:
ट्रेव्हर, तुला आत नाही.

‘आत काय नाही?’
टोपीच्या जाळीवरून कान खाजवत त्यानं विचारलं.
खरंच विचारलं, रागानं नाही.

पट्टा सुरू झाला.
मी पहिला खांदा ओढून घेतला, हाड चाचपलं.
तो अजून तिथेच उभा होता.