लहान बार

झिबलकाका कुळमेथे विहिरींना बार लावतात.
उजव्या हाताची दोन बोटं
मारेगावकडच्या कुठल्याशा काळ्या दगडात राहिली.
हिशेब ते उरलेल्या आठांवरच करतात.

काल लाइट गेली, मोबाइलवर बातम्या चालू होत्या.
बाई सांगत होती, अण्वस्त्रं दोन तऱ्हेची:
एक मोठं, शहरं पुसणारं,
वापरायचं नाही म्हणूनच ठेवलेलं.
दुसरं लहान. रणांगणापुरतं.

"पुरतं? कोनापुरतं म्हन्ते थे?"

मी शिकलेला, समजावू लागलो.
पल्ला कमी, वजन कमी, एखादा किलोटन...
"त्याच्यात कांड्या किती?"
मोबाइलच्याच उजेडात गुणाकार केला.
ऐंशी लाख, काका.

काका बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "नऊ कांड्यांनी पोचूबाईची भिंत गेली.
म्यां बी लहानच म्हनलं होतं त्याले."

त्या भिंतीचं पुढचं मला आठवतं.
ग्रामपंचायत बसली. निषेध लिहिला.
विहीरवाला स्वतःच पंच,
त्याची सही नाही, म्हणून ठराव नाही.
तिघं जमिनीकडे पाहत राहिले.
त्याच्या वावरात मजुरीला जायचं नाही असं ठरलं,
आणि अंधार पडल्यावर त्याची तूर
स्वस्त मिळते म्हणून लोकांनी पोत्यांनी नेली.
पोचूबाईच्या देवबानं त्याचं इंजिन विहिरीत लोटलं.
आठ दिवसांत गावातली चार इंजिनं पाण्याखाली होती.
दोन तर अशांची,
ज्यांचा भिंतीशी काही संबंध नव्हता.

मोबाइलवर आता तज्ज्ञ आले होते.
परिषद भरेल, एक जण नकाराधिकार वापरेल,
काही तटस्थ राहतील, निर्बंध येतील,
तेल कुणीतरी घेतच राहील.
आपण तीव्र चिंता व्यक्त करू.
उत्तर अण्वस्त्रानंच दिलं जाईल असं नाही,
दिलं जाणार नाही असंही नाही.
लहानावरून मोठ्यावर जायला
किती पायऱ्या, यावर त्यांचं एकमत होईना.

काकांनी एवढंच विचारलं,
"बाराच्या आधी म्या चारी दिशेले हाका मारतो,
'बार हाय होऽऽ',
गुराखी मोजतो, बकऱ्या मोजतो.
त्या लहानग्याच्या आधी
कोन बोंबलते?"

लाइट आली. पंखा कुरकुरत फिरू लागला.
बातम्यांत जाहिरात लागली होती.
उद्या नाल्यापलीकडे बार आहे, तीन कांड्यांचा.
काकांनी दोरीवरचं लाल फडकं काढलं,
झटकलं,
आठ बोटांनी नीट घडी घातली.