दशांश तास

सहा मिनिटांचा एक दशांश.
रॅटलिफ वकिलांच्या कचेरीत मी दिवस असेच चिरते.
खाली बंद पडलेलं चपलांचं दुकान,
समोर पाइकव्हिलचं फेडरल कोर्ट, मागे कापलेला डोंगर.

अर्डिथ मलिन्स.
नकाराचं पत्र वाचलं : ०.५
आठशे बारा पानांचं दप्तर वाचलं : ९.२
त्या पानांत तिचे हात आहेत,
इस्पितळाच्या धुलाईघरात एकोणीस वर्षं
ओल्या चादरी ओढणारे,
आता शर्टाच्या बटणाशी हुज्जत घालणारे.

सुनावणीत तज्ज्ञ फोनवरून म्हणाला होता,
ही बाई अजून काम करू शकते :
हवेच्या नळीतून चिठ्ठ्या पाठवण्याचं.
देशात अशा अकरा हजार जागा.
सत्तावन्न वर्षांत मी अशी एकच नळी पाहिली,
बँकेबाहेर, मोटारीतूनच पैसे भरायच्या खिडकीला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
अर्डिथ चढलीच नाही.
इथे माणसाला बोलावत नाहीत, कागदांना बोलावतात.
न्यायाधीशांनी तिला पाहिलं नाही,
ती आजारी आहे का, हेही ठरवलं नाही.
एवढंच पाहिलं की डॉक्टरांचं म्हणणं
खालच्याने का मानलं नाही
ते त्याने कुठे लिहिलंय का.
नव्हतं लिहिलेलं.
प्रकरण परत पाठवा, असा निकाल.
आम्ही जिंकलो, म्हणजे
पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिलो.

सरकारी काम, सहा महिने थांब.
अर्डिथ सहा वर्षं थांबली.
मधे तिची गाडी गेली, मग वरचे दात,
मग डेल्मर.

आमच्या फीचा हिशेब असा :
सरकारची बाजू टिकली नाही, म्हणून सरकारने भरायची एक,
आणि मिळालेल्या थकबाकीतली चौथाई, ही दुसरी.
दोन्ही खिशात घालायच्या नाहीत.
लहान असेल ती तिला परत.

माझ्या यादीवर सरकारी वकिलाचा आक्षेप आला.
टपाल लावलं, ०.२ : हे कारकुनी काम.
अशिलाचा फोन, ०.३ : खटल्याशी संबंध काय?

तो फोन मीच घेतला होता.
पहाटे डेल्मर गेला, ती म्हणाली,
आता मला नवा फॉर्म भरावा लागेल का?
नाही, म्हटलं.
मग ती काही बोलली नाही, मीही ठेवला नाही.
अठरा मिनिटं,
त्यातली चौदा तिच्या फ्रिजची घरघर.

न्यायाधीशांनी ०.३ कापले.
रॅटलिफ चिडले. मी नाही.
ते लिहायलाच नको होते मी.

शुक्रवारी तिच्या परतीचा धनादेश निघाला,
सहा हजार दोनशे आणि काही सेंट.
टपालाने नको, म्हटलं, मी नेते तुला.
बँकेच्या त्याच खिडकीशी गाडी लावली.
पेन दोन्ही मुठींत धरून तिने
पाठीमागे सही केली, मलिन्समधला शेवटचा स कागदाबाहेर.
नळीतली डबी हातात घेतली.
झाकण काही फिरेना.
मग मी फिरवलं.

भस्सकन हवा झाली, डबी वर गेली.
ती काचेतून बघत राहिली, मग म्हणाली,
"लागली बाई एकदाची नोकरी."