पालथी बाटली

ओइवा मामा आधी माझी सॅक जमिनीवर ओततो,
मग विचारतो, कुठे निघालीस.
इनारी तळ्याच्या पलीकडे. चार रात्री. फेब्रुवारीत.
तो हसत नाही.
सुती बनियन दोन बोटांत उचलतो, मेलेल्या उंदरासारखा,
आणि चुलीजवळ टाकतो.
सूत घाम पितं, म्हणतो, आणि परत देत नाही.

निघताना थोडी कुडकुडतच निघ.
थांबलीस की आधी जाकीट, मग मुतायला.
बूट झोपेच्या पिशवीत घे. बाटली पालथी ठेव,
लोकरी मोज्यात, बुच घट्ट.
ऐकत होते मी, म्हणजे
पालथ्या घड्यावर पाणी.

हातमोज्यांना त्यानं दोरी शिवून दिली होती,
बालवाडीतल्या पोरांना देतात तशी, लाल.
इवालोच्या बसथांब्यावरच मी ती कापली.
त्याचा पेट्रोलचा स्टोव्हही नेला नाही,
वास येतो म्हणून.

दुसऱ्या दुपारी, तळ्याच्या मधोमध,
स्कीचा पट्टा आवळायला एक हातमोजा काढला,
काखेत धरला.
वाऱ्यानं तो नेला. घाईनं नाही,
ससा जातो तसा, थांबत, मागे बघत,
मग पांढऱ्यात पांढरं.
उरलेला रस्ता हाताला पायमोजा.

रात्री उणे सत्तावीस.
गॅसची ज्योत निळ्या मण्याएवढी.
आजारी मांजर घ्यावं तसा डबा पोटाशी घेऊन बसले.
बूट मात्र बाहेरच. इतकं प्रेम नव्हतं त्यांच्यावर.
सकाळी ते लाकडाचे झाले होते,
अर्धा तास मांड्यांत धरून
एकेकाची समजूत काढली.

बाटली तेवढी पालथी होती,
तीही सॅकच्या कप्प्यात सरळ बसेना म्हणून.
सुलटी केली. बर्फ सगळा बुडाशी,
बुच एका झटक्यात निघालं.
ते पाणी दातांना लागलं तेव्हा
मी मोठ्यानं शिवी दिली. कुणाला, माहीत नाही.

परत आले तर मामानं काही विचारलं नाही.
हात उजेडाकडे ओढला, बोटं मोजली,
एकेक नख दाबून पाहिलं.
त्याच्या डाव्या हाताची करंगळी पेराशीच संपते.
घरात तो विषय निघत नाही.

बाटली?
पालथी.
लक्षात ठेवून?
हो, म्हटलं मी.

त्यानं नवा हातमोजा मांडीवर घेतला
आणि सुईत लाल दोरा ओवायला बसला.
तिसऱ्यांदा गेला.