नंबर लागला

जिन्यात कागद चिकटवलाय:
मन मोकळं करा. या नंबरवर बोला.
चोवीस तास, मोफत.

मी नंबर लावते.
पडद्यावर सेकंद पळायला लागतात,
म्हणजे कुणीतरी उचललाय.
हॅलो म्हणत असेल. पुन्हा म्हणत असेल.
एकोणीसवर सेकंद थांबतात.

कन्नमवार नगरात आता कुणालाच ओठ नाहीत.
केमिस्ट, दूधवाला, ताप मोजायला येणारी ताई,
सगळ्यांच्या डोळ्यांखाली निळं कापड,
आणि आत वाक्य हलतं
पोत्यातल्या मांजरासारखं.

शेवटी भाच्याला बसवलं. ओजस, अकरा वर्षांचा.
फोन त्याच्या कानाला,
नजर माझ्या हातांवर.
त्या विचारतायत आत्या, काय होतंय तुला?

हात वर आले, छातीपाशी घुटमळले.
गच्ची. रात्र. कडी.
तिन्ही खुणा त्याला येतात,
मीच शिकवल्यात,
पतंगाच्या दिवसांत.

म्हटलं, विचार,
मशीनच्या सेलचं दुकान कधी उघडतंय?

त्याने विचारलं.
बराच वेळ मान हलवत ऐकलं.
मग मोकळ्या हाताने सांगितलं,
त्यांना नाही माहीत.

फोन मात्र ठेवला नाही.
माझ्या हातांकडे बघत राहिला.