वहीतली बट

बस. मान सैल सोड.
संध्याकाळपर्यंत करून दे म्हणतेस,
ते होणार नाही, आधीच सांगते.
काळ्यावर तपकिरी लावून तपकिरी येत नाही, चारुलता.
रंग रंगाला उठवत नाही,
त्याच्या शेजारी जाऊन बसतो फक्त.

किती वर्षं लावतेस?
अकरा. दर तिसऱ्या रविवारी.
महापेच्या कंपनीत, काचेच्या टेबलामागे,
फ्रेश दिसायला हवं म्हणून.
आता तिथे एक स्क्रीन बसवलाय.
त्याला मुळं येत नाहीत.
तुला बघायचंय, खाली काय उरलंय.

मी वेणी सोडते.
मुळाशी बोटभर पांढरं, मग काळं,
मग काळ्याच्या आत काळं.
केस महिन्याला अर्धा इंच वाढतो. हिशोब कर.
कमरेजवळचं हे टोक
पाच वर्षांपूर्वी डोक्यातून निघालं.
ऐंशीएक रविवार सोसलेत त्याने.
सगळ्यात थकलेलं तेच,
आणि लोक सगळ्यात आधी तेच जाळतात.

काळी मेहंदी लावली होतीस कधी?
नाही, म्हणालीस.
आरशात न बघता.

कानामागची बट घेतली, काडीएवढी, पार टोकापर्यंत.
काचेच्या वाटीत पावडर, विसाचं डेव्हलपर,
समोर घड्याळ.
पाचव्या मिनिटाला वाटी हाताला लागली
चहाच्या कपासारखी.
दहाव्याला धरवेना.
मी काही बोलले नाही.
वाटी तुझ्यापुढे केली, हात लाव म्हटलं.

मग बोललीस.
मोरेश्वर आणायचा पाकिटं, वाशीहून,
आणि मागचं तोच लावायचा,
दुधाच्या पिशव्या हातात घालून,
जुन्या टूथब्रशने,
मॅच चालू असली की मानेवर ओघळ.
तीन वर्षं झाली, तो कळंबोलीला असतो.
कुणाबरोबर नाही. एकटाच.
मागचं तेव्हापासून ठिगळठिगळ.

त्या पाकिटात काय असतं मला माहीत नाही.
पाठीमागचं बारीक अक्षर कोण वाचतं?
ब्लीच भेटलं की तापतं, एवढं कळतं.
तुझ्या पाठीवर तापलं असतं आज,
मी वाटीत तापवलं.

तर ऐक. आठवड्यातून एकदा खोबरेल, कोमट, रात्रभर.
लिंबू सांगतील, सोडा सांगतील,
हो म्हण आणि करू नकोस.
दर सहा आठवड्यांनी ये, दोन बोटं खालून कापू.
वरून पांढरं येईल, खालून मेहंदी जाईल.
मधे पट्टा दिसेल, सोसायटीतल्या बायका विचारतील,
तब्येत बरी आहे ना?
बरी आहे म्हण.
पाकिटाचं सगळं गेलं की पुन्हा एक बट, पुन्हा वाटी.
वाटी गार राहिली, तरच डोक्याला हात.
तेव्हाही दहाचंच, थोडं थोडं.
आधी नारिंगी येईल,
पाम बीचवरच्या जुन्या दिव्यांसारखं.
घाबरून त्यावर काळं फासायचं नाही.
पुढचा हात पुढच्या महिन्यात.

किती दिवस, विचारलंस.
सव्वा वर्ष तरी, म्हटलं.
हसलीस की काय, बेसिनचा नळ चालू होता,
कळलं नाही.

कात्री टोकाशी नेली
तर 'आज राहू दे' म्हणालीस.
ते पाच वर्षांपूर्वीचं. दुधाच्या पिशवीचं.
मी कात्री परत डब्यात ठेवली.
पैसे घेतले ते वाटीपुरते.

तू गेल्यावर बट धुतली, सुकवली, वहीत चिकटवली.
तांडेल. घणसोली, सेक्टर सात.
अकरा मिनिटं. तापली.

शेजारच्या पानावर माझीच एक बट आहे.
तिच्यापुढे तारीख आहे.
मिनिटं लिहिलेली नाहीत.